सरपंचाचं 'आपण'

नाशिक,
ऑगस्ट १९७८

बाबांना आणि आईला सहादूचा जय भीम.

मी इथे बरा आहे, दोन वेळा नीट जेवतो. आईचा खोकला थांबला का?

काल एका सभेत बोललो. माझ्या आधीचे वक्ते म्हणाले, "आपण हिंदू बहुसंख्य असूनही या देशात आपलाच छळ होतो." मी उठून विचारलं, "तुमच्या या 'आपण'मध्ये मी आहे का?"

"अहो, आहातच की. बुद्धही आपलेच."

"मग चला आमच्या गावी, विहिरीवर आपण दोघं पाणी भरू."

"तो तुमचा आणि गावाचा प्रश्न आहे."

डोकी मोजताना मी 'आपण' होतो, पाण्याचं नाव निघताच 'तुम्ही' झालो. गांजलेली माणसं त्यांच्यातही आहेत, हे मी भाषणात मान्य केलं. पण विहीर ज्यांच्या ताब्यात आहे, त्यांनी धर्मामुळे आपला छळ होतो असं म्हणू नये, हेही बजावलं. काही जण उठून गेले. जाताना एकाने माझ्या गावाचं नाव विचारून घेतलं. काळजीचं काही नाही.

मराठवाड्यात आपल्या वस्त्या जळताहेत, हे तुमच्या कानावर आलंच असेल. सरपंच भेटला की 'आपण सगळे एकच' म्हणतो, म्हणून तुम्ही घर सोडायला तयार नाही. बाबा, त्याचं बोलणं नीट ऐकत जा. ज्या दिवशी तो 'आपण' सोडून 'आम्ही' म्हणेल, त्या दिवशी भांडीकुंडी तशीच टाका आणि आईला घेऊन मिळेल त्या एस.टी.ने इकडे या.

हे पत्र पोचेल त्या दिवशी तो काय म्हणाला, ते लगेच कळवा.

तुमचा,
सहादू