पुठ्ठ्यामागची खिडकी

२ नोव्हेंबर

सौ. चिमीस, ताईचे आशीर्वाद.

शाळेच्या हॉलमध्ये सिस्टरांनी दाखवलेला तो फ्रेंच चोराचा सिनेमा आठवतो? चुंबनाची शंका आली की त्या प्रोजेक्टरसमोर पुठ्ठा धरायच्या. धाकट्या भावाला, बाबूला, आपल्या दोघींच्या मध्ये लपवून बसवलं होतं. शेवटी तुरुंगातून सुटलेला चोर बहिणीच्या खिडकीखाली उभा राहतो, वर दिवा लागतो, आणि नेमका पुठ्ठा आडवा आला. हटला तेव्हा चोर पाठमोरा चालला होता. बहिणीने त्याला पाहिलंच नसेल, असं मी आजवर म्हणत आले. तू म्हणायचीस, ओळखूनच उघडलं नाही.

काल फिल्म क्लबमध्ये तो अख्खा पाहिला. ती खिडकीशी येते, त्याच्याकडे नीट बघते आणि दिवा मालवते. तू जिंकलीस. नंतरच्या चर्चेत समीक्षक म्हणाले, मालवलेला दिवा हाच चित्रपटाचा कळस. मागच्या रांगेतल्या नर्सबाई म्हणाल्या, कळस कसला, भाऊ उपाशी गेला. एका गृहस्थांना गाडीचा पाठलाग लांबलेला वाटला.

आपला बाबू सोमवारी तुरुंगातून सुटतोय. ठरल्याप्रमाणे शनिवारीच कुलूप लावून तुझ्याकडे येते. आईचं घड्याळसुद्धा चोरून विकणाऱ्याला दार उघडायची ताकद माझ्यात नाही. सकाळपासून मात्र उगाच खिडक्या पुसतेय.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई

५ नोव्हेंबर

ती. ताईस, सा. न.

तुझी खाट मांडली. हे म्हणतात, आता जेवताना रोज समीक्षा ऐकावी लागणार. हवी तितकी राहा. बाबूला घरात घेऊ नकोस, असं माझंही मत आहे.

पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. त्या दिवशी सिनेमाहून परतताना बाबूने तुला विचारलं होतं, मी असा आलो तर दार उघडशील का. तू म्हणालीस, उघडीन, पण पाय पुसून ये. मग तो जिन्याच्या प्रत्येक पायरीवर पाय घासत आला. आत्ताच का आठवलं, कोण जाणे.

तुझी उशी आण, आमच्या तुला टोचतात. लळा आहे तसाच राहू दे.

तुझी चिमी

७ नोव्हेंबर

चिमे, अनेक आशीर्वाद.

बॅग भरली, सोडली, पुन्हा भरली. शेवटी रिकामी करून माळ्यावर टाकली. मी येत नाही. आजच्या पेपरात समीक्षकांनी लिहिलंय की दिवा मालवणं अटळ होतं. अटळ कसलं, बटण तिच्याच हाताखाली होतं. घड्याळाचं मी विसरलेले नाही. पहिलं तेच विचारणार आहे, पण विचारायला तो आत तर यायला हवा.

माझ्यासाठी मांडलेली खाट तुझ्या सासूबाईंना दे. तुझ्या यजमानांसाठी विणलेला निळा स्वेटर बाबूला देतेय, त्यांना मफलर पाठवीन, रागावू नका म्हणावं. दाराशी नवं पायपुसणं टाकलंय. दुसरी किल्ली मात्र अजून कुणालाच नाही. आधी त्याला पाय पुसू दे.

तुझी ताई