तुमच्या कन्येच्या तेवीस अळ्या

मु. मूल
पोळ्यानंतरचा दुसरा बुधवार

श्री. सोमाजीराव व्याही यांस गुणवंतरावाचा रामराम. विहीणबाईंना नमस्कार. इकडे सगळे ठीक आहेत, फक्त मी रागात आहो. तुमची तब्येत, विहीणबाईंचा गुडघा, कोरपन्याकडचा पाऊस, कपाशीची वाढ, हे सगळं रीतीप्रमाणे विचारलं असं समजून घ्या. पत्र यासाठी, की फोनवर माझा राग पुरा व्हायच्या आत तुम्ही "जेवण झालं काय" म्हणता, मी "झालं" म्हणतो आणि पुढचं सगळं बोलणं भाजी कोणती होती यावर जाते. पत्रात तुम्हाला मधात बोलता येणार नाही.

तक्रार तुमच्या कन्येबद्दल आहे. लग्न जमवताना तुम्ही म्हणाले होते, आमची भाग्यश्री गरीब गाय आहे, वर मान करून बोलत नाही. एक वर्ष दोन महिने खरंच बोलली नाही. (प्रफुलशी बोलत असेल, त्यात मी पडत नाही.) पाणी मागितलं की पाणी, भात मागितला की भात. मी म्हटलं, व्याही खरं बोलणारा माणूस दिसते. तो माझा भ्रम यंदाच्या श्रावणात फिटला.

आमच्या विहिरीजवळचं निंबूचं झाड तुम्ही पाहिलं आहे. त्याच्याच सावलीत बसून आपण सुपारी फोडली. सात वर्षं मी त्याला तांदूळ धुतल्याचं पाणी घातलं, मुळाशी शेणखत दिलं, बकऱ्यांपासून राखलं, तेव्हा कुठे यंदा फांद्या वाकतील एवढं फळ धरलं. श्रावण लागला आणि पानांवर पाखरांची घाण दिसायला लागली. काळी-पांढरी, ओली. मी साळुंक्यांना शिव्या दिल्या आणि जुनं धोतर फाडून एकेक पान पुसायला बसलो. तिसऱ्या पानावरची घाण चालायला लागली. माझं वय पासष्ट आहे, सोमाजीराव, आजवर कोणत्याच पाखराची घाण माझ्यासमोरून अशी चालत गेली नव्हती. ती अळी होती. पाखरांनी खाऊ नये म्हणून लहानपणी असं घाणीचं सोंग घेते म्हणतात. आठ दिवसांत तिनं आणि तिच्या बहिणींनी सोंग टाकलं, करंगळीएवढ्या हिरव्यागार झाल्या आणि शेंड्याकडची कोवळी पानं काट्यांपर्यंत साफ केली. लष्करी अळीनं एका साली माझ्या दोन बांध्यांतलं धान खाल्लं, तेव्हापासून ही जात माझ्या डोक्यात जाते. मी एकीला काडीनं टोचलं. तिनं मान वर केली आणि डोक्यातून नारिंगी रंगाची दोन शिंगं बाहेर काढली! वास असा, की सडका निंबू जुन्या तुपात तळावा. मी मागं सरकलो, पाय शेणाच्या घमेल्यात गेला आणि बसलो तो थेट भांडी घासायच्या राखेत. हे शेजारच्या सुकलूनं भिंतीवरून पाहिलं. संध्याकाळपर्यंत बाजारात सगळ्यांना माहीत, की गुणवंतरावाला अळीनं पाडलं.

मी माळ्यावरून फवारणीचा पंप काढला, पाणी भरलं, औषधाची बाटली जवळ ठेवली. तेवढ्यात तुमची गरीब गाय झाडासमोर येऊन उभी राहिली आणि पंपाची नळी हातात धरली.

"मामाजी, हे औषध नका मारू."

मी विचारलं, काऊन? माझं झाड, माझा पंप.

"दोन साल झाले, आमच्या बाबांले फवारणी लागली होती. कपाशीतच पडले. आठ दिवस चंद्रपूरच्या दवाखान्यात मी उशाशी बसून होती. मले वळखत नव्हते. तेव्हापासून पंप मले डोळ्यासमोर नको वाटते."

मी नळी ओढून पाहिली. पण तिनं सोडली नाही.

आता सांगा, राग कोणावर काढू? सुपारी फोडताना तुम्ही तुमचे बैल सांगितले, विहिरीचं पाणी सांगितलं, मावसभावाची नोकरी दोनदा सांगितली. आठ दिवस मरणाच्या दारात होतो, हे सांगायला तोंड नव्हतं? आजारी घर म्हणून मी पोरगी नाकारली असती, असं वाटलं काय? व्याही म्हणजे नुसता पंगतीत शेजारी बसायचा माणूस आहे काय? आणि एवढं होऊन यंदाही तुम्ही तोंडाला दुपट्टा बांधून, पाठीवर पंप घेऊन कपाशीत उतरता, हेही तिनंच सांगितलं. पाणी मी कुंपणाजवळ ओतून दिलं. (पंप तसाही धुवायचाच होता.)

पण मी हुकूम सोडला, की संध्याकाळच्या आत अळ्या माझ्या झाडावरून गेल्या पाहिजेत. तिनं एकेक पानासकट उचलून सुपात ठेवली. तेवीस भरल्या. त्यांना बेलाचं पानही चालते म्हणे, म्हणून महादेवाच्या देवळामागच्या बेलावर सोडून आली. मी त्या रात्री निवांत झोपलो. तिसऱ्या श्रावण सोमवारी पुजारी धनराज महाराज दारात. बेलाच्या पानाची तीन दलं शाबूत पाहिजेत, तरच ते देवाला चालते. यांनी प्रत्येक पानाचं एकेक दल खाऊन पाहिलं होतं. बाया हातात तांब्या घेऊन झाडाखाली शाबूत पान शोधत होत्या. महाराज शांतपणे म्हणाले, "गुणवंतभाऊ, तुमच्या घरची जनावरं तुमच्या घरी न्या."

भर बाजारातून ते सूप मी आणलं, कारण सूनबाई चुलीपाशी होती. लोकांनी विचारलं, सुपात काय? पानाखाली झाकलं होतं, मी म्हटलं मुरमुरे. सुकलूनं न विचारता मूठ घातली. दोन दिवस त्याच्या हाताचा वास गेला नाही. या सगळ्या प्रकरणात मला मिळालेला न्याय एवढाच.

पुढं अळ्या झाडावरून नाहीशा व्हायला लागल्या. मी म्हटलं, सुटलो. कुठला सुटतो! लाईनमन जसा खांबाला पट्टा बांधून टेकते, तशा कंबरेला सूत बांधून फांद्यांना टेकून बसल्या होत्या, अंगावर कोष घेऊन. बुलबुलानं त्यातल्या चार नेल्या. मी गोफण घेऊन त्याच्या मागं धावलो. (अळीची दया म्हणून नाही. माझ्या झाडावरून कोणी काही न विचारता नेलेलं मला चालत नाही.) पोळ्याच्या सकाळी मी विहिरीवर आंघोळ केली, दोरीवरच्या टॉवेलला हात घातला, तर सूनबाई घरातून ओरडली, हलवू नका. टॉवेलवर एक फुलपाखरू बसलेलं. काळं, पिवळ्या ठिपक्यांचं, मागं एक लाल टिकली. पंख ओले, चुरगळलेले. ते वाळेपर्यंत मी ओल्या अंगानं, ओल्या पंच्यात, एक तास उभा राहिलो. बैल सजून तयार, लोक दारावरून जात आहेत, आणि घरचा मालक टॉवेलसाठी फुलपाखराच्या मर्जीवर! शेवटी ते उडालं. कौलांवरून देवळाकडं गेलं. मला सर्दी झाली, ती अजून आहे.

तरी आपल्या कन्येला दोन शब्द समजावून सांगावे. विहीणबाईंना पुन्हा नमस्कार. राग कळवला, तो पोचल्याचं कळवावं.

आपला व्याही,
गुणवंतराव

ता. क. – येत्या रविवारी मूलला डोळ्यांचं शिबिर आहे. तुमचं नाव मी लिहून दिलं आहे, वय अंदाजानं टाकलं. मागच्या वेळी आले तेव्हा तुम्ही चहा बशीच्या बाहेर ओतला आणि बशी हलली म्हणाले. बशी हलली नव्हती. शनिवारच्या बसनं या, मुक्कामाच्या तयारीनं या. डॉक्टर पाहत नाही तोवर पंपाला हात लावला तर आपलं व्याहीपण संपलं.

आणखी एक – पोळा झाल्यावर लगेच, मागच्या शिबिरात माझ्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. महिनाभर लिहिणं-वाचणं मना आहे, आणि दुसऱ्या डोळ्यालाही सगळं धुक्यात दिसते. प्रफुलला वेळ नाही, त्याची आई म्हणते भांडणाचं पत्र मी लिहीत नाही. म्हणून हे मी सांगितलं आणि तुमच्या कन्येनं लिहिलं. एक शब्द गाळला नाही असं ती म्हणते. मी तिच्याकडून दोनदा वाचून घेतलं. पुजाऱ्याचा मजकूर वाचताना हसली, तेही कळवतो.

बाबा, मी भाग्यश्री. मामाजी बाहेर गेले म्हणून लिहून राह्यली. झाडावर पुन्हा बारीक अळ्या आल्या. मामाजीले दिसत नाई, तर रोज सकाळी काठी टेकत झाडाखाली येते अन् मले विचारते, आज किती? मी पानंपान पाहून सांगते. काल एक कमी सांगितली तर चहा ठेवून देला, म्हणे, पुन्हा मोज. शनिवारी नक्की या.