आधी शेवटचं शेत

दौंड,
१९ फेब्रुवारी २००१

तीर्थरूप वहिनींस,
नागसेनचा सविनय जयभीम. वि. वि.

दादांना जाऊन येत्या मार्चात वर्ष होईल. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम रविवारी, १८ तारखेला, इथं दौंडला घ्यायचं मी ठरवलं आहे. हॉल मोठा आहे. स्टेजवर दादांचा फोटो, पुढच्या रांगेत पाहुणे. कारखान्याचे चेअरमन येतो म्हणालेत. मुख्य भाषण अर्थात माझं. ज्या वस्तीच्या ओंजळीत लोकांनी वरून पाणी ओतलं, त्या वस्तीतल्या पोरानं इंजिनिअर होऊन तालुक्याला पाणी वाटलं. वहिनी, हे ठणकावून सांगितलं नाही तर लोक विसरतील, आणि विसरणं त्यांच्या सोयीचंच आहे.

दीक्षा पुण्याहून फोनवर सांगत होती की आई स्वयंपाक करून ठेवते आणि दुपार कलली तरी जेवत नाही. लेक तिकडे सासरी जीव टांगणीला लावून बसते. मला तर रागच येतो, पण तुमच्यावर रागवायची सोय दादांनी आम्हाला कधी ठेवली नाही.

भाग्यश्रीचा जयभीम. लोभ आहेच, तो आटू देऊ नये.

आपला,
नागसेन

*

शिरूर,
२४ फेब्रुवारी २००१

प्रिय नागसेन भावजींस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

पत्र वाचलं. तुमची पत्रंसुद्धा माईकवर बोलल्यासारखी असतात. शेजारच्या सखूबाईला वाचून दाखवताना माझाच आवाज चढला.

ओंजळीचं वाक्य खरं आहे, ते सांगाच. पण दौंडच्या कार्यक्रमाला मी येणार नाही. स्टेजवरच्या फोटोला हार पडले की माणूस सगळ्यांचा होतो आणि घरच्यांना तो उरत नाही. मला माझं माणूस हवं आहे.

तुम्ही लहान होता, आठवत नसेल. मी लग्न होऊन आले, तेव्हा हे पाटबंधारे खात्यात नुकतेच लागले होते. पहिल्याच दिवशी सासूबाईंनी पुरुषांची ताटं वाढली. यांनी स्वतःचं ताट उचलून चुलीपाशी माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, “पाणी आधी टेलला द्यायचं असतं, कालव्याच्या चारीवरच्या शेवटच्या शेताला. वरच्यांचं आधी भिजवलं की खालच्यांना उरतच नाही.” सासूबाई म्हणाल्या, “ह्यो सायेब घरातबी चारी काढतोय.” आणि तुम्ही भाकरी मिळेना म्हणून भोकाड पसरलं होतं.

तेव्हापासून जी स्वयंपाक करते ती पहिली जेवते, हा आमच्या घराचा कायदा. एकदा यांचे वरचे साहेब अचानक जेवायला आले. त्यांनाही यांनी बाहेर गप्पांत बसवून ठेवलं आणि मला आत जेवायला लावलं. लाजेनं घास उतरेना. साहेबांना वाटलं, बाई मोठी आगाऊ दिसते. हे मात्र दाराशी उभं राहून डोळ्यांनीच विचारत होते, झालं का?

कार्यक्रम करायचा तर इथे, आपल्या अंगणात. रांधणाऱ्या बाया आधी जेवतील. ज्यांनी कधी तोंड उघडलं नाही त्या आधी बोलतील. तुम्ही सगळ्यात शेवटी. राग आला तर पत्रातच काढा.

माया आहे तशीच राहू द्या.

तुमची,
ललिता वहिनी

*

दौंड,
३ मार्च २००१

तीर्थरूप वहिनींस,
सविनय जयभीम. वि. वि.

राग आला होता. तुम्ही दादांना चुलीपाशी अडकवून ठेवता, समाजाच्या हाती देत नाही, असं चार पानी पत्र लिहून काढलं होतं. टाकण्याआधी तुमचं पत्र जेवताना भाग्यश्रीला वाचून दाखवलं. ती भाकरी थापत होती. तव्यावरची नजर न काढता तिनं विचारलं, “आपल्या घरात टेल कोण हाय?”

समतेवर मी गावोगाव बोलतो. ताटावरून उठलो. चार पानं फाडली.

हॉल सोडला आहे. चेअरमनना कळवलं की जेवायला थोडं थांबावं लागेल. ते हसले, त्यांना वाटलं मी गंमत करतो आहे. आम्ही दोघं आदल्या दिवशी येतो.

आपला, शेवटचा वक्ता,
नागसेन

*

दौंड,
२२ मार्च २००१

तीर्थरूप वहिनींस,
सविनय जयभीम. वि. वि.

घरी सुखरूप पोचलो. कार्यक्रम अजून डोळ्यांपुढून जात नाही. बाया पंगतीला बसल्या आणि चेअरमन कडुनिंबाखाली ताटकळले. मला धाकधूक होती, पण मग त्यांनीच उठून पाण्याचा जग हातात घेतला. सगळी माणसं तेव्हा हसली.

आणि सखूबाई. त्यांचं शेत चारीच्या अगदी शेवटी, हे मला ठाऊकच नव्हतं. पदर सावरत म्हणाल्या, “सायेब कोरड्या चारीतनं पाण्याच्या म्होरं चालत यायचं. ते दिसलं की आमी म्हणायचो, आलं पाणी.” खाली बसल्या. वहिनी, मी आयुष्यभर भाषणं केली. असं एक वाक्य माझ्या हातून झालं नाही. माझी पाळी आली तेव्हा ओंजळीचं तेवढं सांगितलं आणि बसलो. पहिल्यांदाच कमी बोललो आणि पहिल्यांदाच कुणी घड्याळ पाहिलं नाही.

काल घरी भाग्यश्रीला पहिलं ताट वाढलं. तिला जेवता येईना. सारखी उठायला बघायची. मीठ कमी पडलं, तेव्हा तिला बसवून मी उठलो. वहिनी, आमच्या घरात मीठ कुठे असतं ते मला माहीत नव्हतं. तिनं उष्ट्या हातानं फळी दाखवली आणि इतकी हसली की ठसका लागला.

तुम्ही बोलायला उभ्या राहिलात आणि “जेवण झालं का सगळ्यांचं?” एवढंच विचारून बसलात. तुमचं स्वतःचं झालं होतं का, हे विचारायचं राहून गेलं. ते कळवावं.

आपला,
नागसेन

*

शिरूर,
२७ मार्च २००१

प्रिय नागसेन भावजींस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

भाग्यश्रीला सांगा, पहिले काही दिवस अवघड जातात. मग सवय होते. आणि एकदा सवय झाली की ती मोडत नाही, असं मला वाटायचं. पण हे गेल्यावर मोडली. दाराशी उभं राहून विचारणारं कुणी नाही, तर आधी काय आणि मागून काय, म्हणून ताट झाकून ठेवायचे.

काल पिठलं केलं. सवयीनं झाकणाकडे हात गेला आणि सखूबाईचं बोलणं आठवलं. हे नेहमी पाण्याच्या पुढेच चालायचे. आताही थोडे पुढे गेलेत, एवढंच.

झाकण बाजूला ठेवलं. वाढून घेतलं आणि दाराकडे तोंड करून बसले. पिठलं गरम होतं.

जेवले मी, भावजी. दीक्षालाही कळवा. मायेत अंतर नसावं.

तुमची,
ललिता वहिनी