दोन सह्यांची वही

हुबळी, १२ जून १९९४

चि. श्रीवत्स यास पद्मनाभअण्णाचे अ. आ. वि. वि.

तू बंगळूरला गेल्यापासून दुर्गदबैलातलं आपलं कॅसेटचं दुकान मी एकटाच उघडतो. हेवी मेटलचा खण तू लावलास तसाच आहे. फक्त बॉन जोव्हीला बाहेर काढलं. नुसत्या केसांवर प्रवेश द्यायचा तर सगळे बैरागी आत घ्यावे लागतील. डीप पर्पलला आत घेतलं. कुठला बँड मेटल आणि कुठला नाही, याच्या आपल्या वहीत तशी नोंद करून सही केली. नाव घालायला किंवा खोडायला दोघांची सही हवी, हा नियम तुझाच. तेव्हा आलास की तुझी कर.

आमची काकू, म्हणजे तुझी आई, रोज विचारते, श्रीवत्स वेळेवर जेवतो का. मी सांगतो, गिटार चावतो.

येत जा, लोभ असू दे.
पद्मनाभ

बंगळूर, ३ जुलै १९९४

ती. पद्मनाभअण्णास सा. न. वि. वि.

डीप पर्पलवर सही मिळणार नाही. ब्लॅक सॅबाथ मेटल, आयर्न मेडन मेटल. ज्यांचा ऑर्गन गिटारच्या पुढे पुढे करतो, ते हार्ड रॉक. मोठा आवाज एवढंच तुझं माप असेल, तर गोकुळ रोडवरच्या लेथ मशीनलाही एक खण दे! रागावू नकोस. इथल्या एका इंग्रजी मासिकात लिहायला लागलोय.

आईस नमस्कार. भांडणासकट लोभ असावा.
श्रीवत्स

हुबळी, २० नोव्हेंबर १९९८

चि. श्रीवत्स यास आ.

तुझा लेख पोचला. हुबळीतल्या एका दुकानदाराला मेटल आणि लेथ यातला फरक कळत नाही, असं छापलं आहेस. नाव घातलं नाहीस, उपकार झाले. पण असलं दुकान हुबळीत एकच. कॉलेजची मंडळी येऊन लेथची नवी कॅसेट आली का म्हणून विचारतात. चौदाव्या वर्षी माझी डीप पर्पलची कॅसेट उशाखाली घेऊन कोण झोपायचं, ते मात्र लेखात नाही.

काकूला तुझा फोटो आवडला. तिला इंग्रजी येत नाही, तेच बरं.

लोभ आहेच.
पद्मनाभ

बंगळूर, ९ मार्च २००१

ती. अण्णास सा. न.

सव्वादोन वर्षं तुझं पत्र नाही. एवढ्याशा थट्टेवर किती दिवस बसणार? होगली बिडु, सोडून दे. माझं पुस्तक निघतंय. प्रस्तावनेत आपली वही हवी, प्रकाशकाला ती कल्पना फार आवडली. लगेच पाठव. डीप पर्पलवर हवी तर आता सही करून टाकतो.

लोभ वाढावा.
श्रीवत्स

हुबळी, १७ मार्च २००१

श्रीवत्स,

वही रजिस्टर पोस्टाने पाठवली आहे. खणात आता भजनांच्या कॅसेट आहेत.

सात वर्षं तू नाही म्हणत होतास, ते मला मनातून आवडायचं. भांडायला कोणीतरी होतं. प्रस्तावनेसाठी हो म्हणालास, आणि तेही गेलं.

पहिल्या पानावर परीक्षक म्हणून आपली दोन नावं आहेत. त्यातलं माझं खोडून शेजारी सही केली आहे. दुसरी सही तुझी. ती झाली की वही तुझ्या एकट्याची.

काकूचे गुडघे दुखतात. तिला लिहीत जा.

लोभ असावा, हे इतकी वर्षं मी माझ्या एकट्याच्या सहीने लिहीत आलो.

पद्मनाभ