पेटिंगिलच्या टेकडीचा दोर

९ नोव्हेंबर
ईस्ट हार्लोच्या नागरिकांनो! तुमच्या-माझ्या मनात एकच सल आहे. आपली टेकडी लहान, म्हणून कोणीही उठावं आणि आपल्याला शहाणपण शिकवावं! पलीकडच्या मोठ्या डोंगरावर खुर्च्यांच्या लिफ्ट आहेत, काचेचं उपाहारगृह आहे. तिथे एका माणसाला एक दिवस बर्फावर घसरायला जे लागतं, त्यात पेटिंगिलच्या टेकडीवर अख्खं कुटुंब हिवाळाभर घसरतं. आणि सरकारची वक्रदृष्टी पडते कोणावर? आपल्या एका दोरावर!

सुरुवात झकास. पुढच्या शनिवारी स्की क्लबच्या सभेत हेच. आरशासमोर म्हणून पाहिलं. आवाज अजून खणखणीत आहे. जन्मभर शाळेत इतिहास शिकवला तो काही कुजबुजून नाही.

१० नोव्हेंबर
हकिकत लिहून ठेवतो. वाद मुद्द्यांवर जिंकायचा असतो.

शुक्रवारी राज्याच्या इन्स्पेक्टर वेलेटबाई आल्या. तरुण आहेत. आपल्याकडे वर जायचं साधन एकच: जुन्या ट्रकच्या इंजिनावर फिरणारा दोर. दोन्ही हातांनी धरायचा, तो ओढत माथ्यावर नेतो. बाईंनी सगळा दोर हाताखालून घातला आणि म्हणाल्या, पेड झिजलेत, दोर पूर्ण बदला, तोवर इंजिन सुरू करायचं नाही.

मी विचारलं, दोराची दोन टोकं गुंफलीत तो सांधा कसा आहे?

म्हणाल्या, सांधा सुरेख आहे हो. पण त्याच्या दोन्ही बाजूंचा दोर गेलाय.

सांधा सुरेख आहे! त्यांच्याच तोंडचे शब्द. मुद्दा क्रमांक एक.

हा सांधा एव्हिसने घातला होता, गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरात. एप्रिलमध्ये ती गेली. या दोन गोष्टींचा प्रस्तुत वादाशी काहीही संबंध नाही. इथे प्रश्न नागरिकांच्या हक्कांचा आहे. पत्नीच्या निधनाचं दुःख मी केव्हाच मार्गी लावलं आहे.

१६ नोव्हेंबर
सभा. चर्चच्या तळघरात. प्रत्येकाने एक पदार्थ आणलेला, त्यामुळे बीन्सची सात पातेली.

रॉइस बोलला. रस्त्यांची कामं बघतो, इंजिनही तोच चालवतो. म्हणाला, नवा दोर बघून ठेवलाय, क्लबकडे पैसे आहेत, महिनाअखेरीस थँक्सगिव्हिंगचा सण, त्याच्या आत चढवून टाकू. दोन मिनिटांत खाली बसला. याला भाषण म्हणत नाहीत.

मग मी. चाळीस मिनिटं. इंग्रज राजाच्या करांपासून सुरुवात केली. आपलं व्हरमाँट राज्य चौदा वर्षं स्वतंत्र देश होतं याची आठवण दिली. कोणाच्या परवानगीने होतं? म्हातारे पेटिंगिल टेबलावर मूठ आपटायला लागले. दोर बदलायचा नाही, राज्याकडे अपील करायचं, असा ठराव प्रचंड गर्जनेने मंजूर. निकाल लागेपर्यंत दोर बंद राहील, पण पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे.

एव्हिसची बहीण डॉट टेकडीच्या पायथ्याशी खोपट आहे, त्यातलं स्वयंपाकघर चालवते. ती तेवढी हात वर न करता बसली होती. निघताना म्हणाली, "हॉलिस, चाळीस मिनिटांत एकदा तरी 'स्की' हा शब्द आला का रे तोंडात?"

मी म्हणालो, हा तत्त्वाचा प्रश्न आहे.

"हो का? मग पोरांना तत्त्वाला लोंबकळून वर पाठव."

तिची नात जूनी सोबत होती. चार वर्षांची. यंदा पहिल्यांदा दोर धरणार. घरातसुद्धा हातमोजे काढत नाही म्हणे. एव्हिसने मार्चमध्ये अंथरुणात बसून शिवलेले, तळव्यावर चामड्याचं ठिगळ लावलेले, म्हणजे दोर लोकर खात नाही. गावातल्या सगळ्या पोरांना तिनेच असे शिवून दिले. ही शेवटची जोडी.

२३ नोव्हेंबर
बर्फ पडावा म्हणून जुन्या स्की जाळायचा कार्यक्रम. दर घरातून एक जोडी. डॉटने विचारलं, एव्हिसची देतोस का? ती असती तर तिनेच टाकली असती, कडा गेल्यात त्यांच्या.

मी सांगितलं, ते लाकूड अजून उत्तम आहे. माझी जोडी टाकली.

ठराव: नव्या स्की घेणे. तूर्त घाई नाही.

१ डिसेंबर
राज्याचं उत्तर आलं. सुनावणी फेब्रुवारीत. घाबरले आहेत, वेळ काढत आहेत.

५ डिसेंबर
बर्फ. गुडघाभर, कोरडा, पिठासारखा. असा बर्फ डिसेंबरात कधी पडला होता हे म्हाताऱ्या पेटिंगिलनाही आठवत नाही. माझ्या स्कींनी काम केलं, पण श्रेय कोणी देणार नाही.

दोर खांबांवर लटकलेला आहे, त्यावर पांढरी गादी साचली आहे. शोभून दिसतो.

१४ डिसेंबर
ठराव: दोर सांधायचं काम स्वतः शिकणे. म्हणजे एव्हिसचा सांधा ठेवून दोन्हीकडचा वाईट भाग तेवढा बदलता येईल. तोडगा अत्यंत सोपा आहे, कोणाला सुचला नाही. पुस्तक मागवलं. शिवाय अनुभव आहेच: तीस वर्षं दुसरं टोक मीच धरत आलो. ती गुडघ्यांवर बसून पेड उलगडायची, एकात एक गुंफायची, आणि मी टोक ताणून धरून तिला इतिहास सांगायचो. ती म्हणायची, बोल हवं तेवढं, पण दोर सैल सोडू नकोस.

कपडे वाळत घालायच्या दोरीवर सराव केला. सांधा मजबूत झाला आहे. आकाराने बेडूक गिळलेल्या सापासारखा दिसतो, पण ते पुस्तकातल्या आकृत्यांमुळे.

२८ डिसेंबर
नाताळची सुट्टी. टेकडीवर चिटपाखरू नाही. पोरं मोठ्या डोंगरावर गेली. डॉटने खोपटाला कुलूप लावलं. राजम्याचं तिखट कालवण आणि डोनट कोणासाठी करू, म्हणाली.

मी म्हणालो, लढ्यात थोडा त्याग करावाच लागतो.

म्हणाली, "त्याग पोरांचा, लढा तुझा. सुंभ जळेल, पण तुझा पीळ जायचा नाही."

१२ जानेवारी
पायी माथ्यावर गेलो. व्यायाम म्हणून.

मोठ्या डोंगरांना कळत नाही ते हेच. तिथे भांडण झालं तर माणूस दुसऱ्या उताराने जातो आणि दिवसभर दिसत नाही. आमच्याकडे खाली यायला दोन मिनिटं, वर जायला दोन. दर चार मिनिटांनी तोच माणूस समोर. कोण किती वेळ तोंड फिरवणार? एव्हिसशी माझं एक मोठं भांडण फेऱ्या मारता मारता मिटलं होतं. तिसऱ्या फेरीत तिने बोट दाखवलं की माझी टोपी उलटी आहे. एवढ्यावर मिटलं.

गेल्या हिवाळ्यात शेवटी शेवटी ती वर येत नसे. खोपटाच्या खिडकीशी बसे. मी खाली दोराजवळ उभा राहून सांधा हातात येईपर्यंत थांबायचो. चांगला सांधा डोळ्यांना दिसत नाही, दोराची जाडी जराही बदलत नाही. पण हाताला कळतो, हातमोज्यातूनही. तिथे दोर थोडा कडक लागतो. तो आला की धरायचा आणि वर जायचं. मागची रांग ओरडायची, हॉलिस, दोर काय पिकायची वाट बघतोस का?

हे सगळं सुनावणीत सांगायचं नाही. विषयाला धरून नाही.

११ फेब्रुवारी
विजय! जवळजवळ.

सुनावणी टेकडीवरच झाली. वेलेटबाई आणि दोन अधिकारी. निम्मं गाव आलं होतं. मी अठराव्या शतकापासून सुरुवात केली आणि एकोणिसाव्यापर्यंत छान चाललं होतं. मग बाई मध्येच म्हणाल्या, "मिस्टर ट्यूक्सबरी, या दोराचा जेवढा भाग लहान मुलाच्या हातात द्यायला तुमचं मन धजेल, तेवढा मला दाखवा."

सापळाच होता. मी दोराच्या कडेने चालत गेलो. बर्फ झटकत, हातमोजे काढून, हाताने चाचपत. सांधा सापडला. त्यावर हात ठेवला आणि एक परिणामकारक विराम घेतला.

डॉट म्हणते, तो विराम नव्हता. म्हणते, रॉइसने मला दंडाला धरून खोपटात नेलं आणि तिने कुलूप उघडून कॉफी केली. वारा होता. डोळ्यांत जाणारच.

अपील फेटाळलं.

२० फेब्रुवारी
नव्या दोराच्या कागदावर क्लबच्या अध्यक्षाची सही लागते. अध्यक्ष मी. रॉइस दोनदा येऊन गेला. सही ही विचारपूर्वक करायची गोष्ट आहे. विचार चालू आहे. शिवाय आता विधिमंडळाकडे दाद मागायचं भाषण तयार करतो आहे, ते मध्येच सोडता येत नाही.

दक्षिणेकडच्या उतारावर गवत दिसायला लागलं.

४ मार्च
गावसभा. भाषण खिशात, बारा पानं.

दुपारच्या जेवणाला डॉट समोर बसली, मांडीवर जूनी. जूनीने हातमोजे घातलेच होते. मला विचारलं, "हॉलिस आजोबा, दोर अजून झोपलाय का?"

मी म्हणालो, त्याचं काय आहे बाळा, राज्य आणि नागरिक यांच्यातलं नातं...

डॉटने माझं वाक्य तोडलं. जूनीचा हात उचलून माझ्या ताटाशेजारी ठेवला. "बोटं कुठे पोचलीत बघ. टोकाला. एव्हिसने यंदाच्या मापाचे शिवले होते. पुढच्या हिवाळ्यात यात हात जायचा नाही."

मी हात उलटा करून पाहिला. या गावातल्या कुठल्याही पोराचे हातमोजे बघा, मार्चपर्यंत तळवा काळा झालेला असतो, दोराने घासून, तेल खाऊन. जूनीच्या चामड्यावर एक ओरखडा नव्हता. एव्हिसचे टाके जसेच्या तसे. बारीक. तेव्हा तिचे हात कापायचे, तरी.

जूनी म्हणाली, "आजोबा, हात सोडा ना."

जेवणानंतर सभापतींनी माझं नाव पुकारलं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, मला काही बोलायचं नाही. मागून कोणीतरी म्हणालं, अरे, डॉक्टरला बोलवा.

६ मार्च
सही केली. पेन नीट चालत नव्हतं, दोनदा करावी लागली.

वेलेटबाईंना फोन केला. शनिवारी सुट्टी असते, पण दुपारी येऊन तपासून जाते, म्हणाल्या. हरलो म्हणून फोन केला नाही हे मी स्पष्ट केलं. त्या म्हणाल्या, हो, हो.

उत्तरेकडच्या उतारावर बर्फ अजून आहे. रविवारी पाऊस सांगितलाय.

रॉइसला विचारलं, जुना दोर काढताना सांध्याचा तुकडा वेगळा ठेवशील का? तो म्हणाला, ठेवतो की, लांबलचक आहे तो, अख्ख्या पडवीभर होईल बघ. डॉट बाजूलाच होती. मग म्हणाली, "एवढंच हवं होतं का तुला? नोव्हेंबरात मागितला असतास तर नोव्हेंबरात दिला असता रे."

मी पेनाला टोपण लावलं.

नवा दोर डॉट सांधणार आहे. दोघी बहिणींना बापाने एकत्रच शिकवलं होतं. हे तीस वर्षांत मला कोणी सांगितलं नाही. डॉट म्हणते, सांगितलं होतं, तू बोलत होतास.

दुकानाच्या दारावर लावायची सूचना तयार केली. पहिला मसुदा चार पानांचा झाला. डॉटने इतकाच ठेवला:

ईस्ट हार्लोच्या नागरिकांनो, हिवाळा गेला. एक दिवस उरलाय. शनिवारी सकाळी आठला टेकडीवर या. दोर वरपर्यंत ओढायला माणसं लागतील. हातमोजे आणा. दुसरं टोक मी धरतो. बोलणार नाही.