सहा महिने खिडक्या उघड्या ठेवा

लिहून ठेवतो की, मी, कोच-खुर्च्यांना गाद्या बसवणारा कारागीर, वय एकाहत्तर, पूर्ण शुद्धीत आहे. श्वास कमी पडतो, अक्कल नाही. कोणाची जबरदस्ती नाही, घाई मात्र आहे. डॉक्टरांनी दोन महिने सांगितलेत.

१. हे दोन खोल्यांचं घर माझ्या एकुलत्या एका मुलीला. घरात कोच, गालिचा, पडदा काही नाही. मांजरीच्या कोंड्याने नातीला धाप लागते, म्हणून जन्मभर लोकांच्या बुडाखाली मऊपणा घालणाऱ्याने स्वतःचे कोच फाडून टाकले.

२. हातोडी आणि वाकड्या सुया दुकानातल्या जोडीदाराला. मोठी कात्री त्याने नऊ वर्षांपूर्वी 'आत्ता देतो' म्हणून नेली, तीही त्यालाच. लाज मात्र त्याने स्वतःची आणावी.

३. जावईबापूंची माफी मागतो. ते दारात म्हणाले होते, "बाबा, एक तर मांजर ठेवा, नाहीतर आम्हाला." मी म्हणालो, "मग मांजरच बरं." जिभेला हाड नसतं. बायकोने जाताना तिच्या मांजरीला, तक्कीला, माझ्या हाती सोपवलं होतं, तेच धरून बसलो. तीन वर्षं तक्कीला ओल्या फडक्याने पुसलं, खाटेवर चढू दिलं नाही, चादरी उकळत्या पाण्यात धुतल्या. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! नात एकदाही येऊ शकली नाही.

४. आठ दिवसांपूर्वी तक्की शेजारच्या शिंपीणबाईंना दिली. डबा वाजला की ती भिंतीपलीकडून ओरडते. मी डबा हळू उघडतो.

मुलीला फोन लावणार, तोच माझी ऑक्सिजनची नळी बघायला येणाऱ्या नर्सबाई म्हणाल्या, "आजोबा, मांजर गेलं तरी कोंडा पाच-सहा महिने राहतो हो. भिंतींत, फटींत, तुमच्या अंथरुणातसुद्धा. पोरीला इतक्यात नका बोलावू." नळी लावलेला मी जिना उतरू शकत नाही. सहा महिने लागणार, माझ्याकडे दोन आहेत. तक्कीला तेव्हाच द्यायला हवं होतं.

५. म्हणून, मी असेपर्यंत नातीला इथे आणू नये. मला तिला बघायचं आहे, फार बघायचं आहे. तरीही आणू नये.

६. भिंती हात पोहोचेल तिथवर रोज पुसतो. वरचा भाग मुलीने पुसावा. फडकं ओलंच हवं, झाडू नको. मग सहा महिने खिडक्या उघड्या ठेवाव्यात. खिडकीपाशी नातीच्या मापाची लाकडी खुर्ची आहे. बिनगादीची खुर्ची मी आयुष्यात ही एकच केली. तिला तिथे बसवा आणि तासभर थांबा. धाप लागली नाही, तर माझ्या फोटोकडे बघून तेवढं सांगा.

हे आमच्यासमोर वाचून, दोनदा थांबून, सही केली:
साक्षीदार: शिंपीणबाई, शेजारी. नर्सबाई.
ठिकाण: वरच्या मजल्यावरची पुढची खोली.
तक्की गेल्याला आठवा दिवस, मंगळवार.