काळीच राहिलेली काच

६ जाने., सोम.
आजची सोलर सेलची काचही फुकट. हवाबंद ग्लव्ह बॉक्समधून काढली तेव्हा काळीभोर, मीटरपाशी नेईपर्यंत कडा पिवळ्या. शिशाऐवजी कथील घालायचं तर हेच रडगाणं, हवा लागली की संपलं. बॉक्समधली हवा घालवायला लागणारं नायट्रोजनचं सिलिंडर पुन्हा शेजारच्या विभागाने नेलंय. विचारलं तर "देऊ की मॅडम". कधी? मी म्हातारी झाल्यावर?

८, बुध.
सरांनी, माझ्या गाईडनी, स्वतः कथलाची काच करून दिली. विजेचे आकडे झकास. पेपरवर पहिलं नाव माझं. आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

११, शनि.
सरांची काच बुधवारपासून टेबलावर उघडी. अजून काळीच. माझं कथील चहा गार होईस्तोवर टिकत नाही, आणि हिला काहीच होत नाही? कपाट उघडलं. शिशाच्या आयोडाइडची जी बाटली आम्ही वापरतच नाही, तिचं सील फोडलेलं. शिसं घातलं तरच काच अशी टिकते. डोकं फिरलंय.

१३, सोम.
तोंडावर विचारलं. "थोडंसंच घातलंय. सगळेच घालतात. पीएचडी हवीय ना तुला?" पेपरच्या शीर्षकात 'शिसेविरहित' तसंच राहणार म्हणे. लाज कशी वाटत नाही या माणसाला.

१४, संक्रांत
सरांनी तिळगूळ दिला. वर गोड बोल म्हणाले. कागदासकट कचऱ्यात टाकला.
आप्पा एमआयडीसीत जुन्या बॅटऱ्यांचं शिसं वितळवतात. आल्यावर आधी मागच्या नळावर अंघोळ, मग घरात. धाकट्या भावाच्या रक्तात शिसं निघालं तेव्हापासून. आज तो तिळगूळ घेऊन धावला, तर आप्पा मागे सरकले. "थांब रं, अंगुळ न्हाई झाली अजून." मग मला, "तुजं बिनशिशाचं कुटवर आलं गं?"
होतंय म्हटलं. रडू आलं रागाने.

१६, गुरु.
उद्या पीएचडीच्या कमिटीला काम दाखवायचं. सरांनी त्यांची काच डबीत घालून दिली. मी भांडून सिलिंडर ओढत आणलं नि माझीही केली. आकडे बेताचेच. पण खरे.

१७, शुक्र.
बाहेरच्या बाकावर. पिशवीत दोन डब्या. दोन्ही काचा कमिटीसमोर उघड्या ठेवणार, कुठली काळीच राहते ते त्यांनीच बघावं.
सरांनी पाहिलंच. "दुसरीत काय?"
"माझी काच."
"सगळ्यांसमोर पिवळी पडेल ती."
"पडणारच, सर. कथलाची आहे."
आतून माझं नाव पुकारलं. सर अजून दारातच उभे आहेत.